आमचं खुराडं, दोनदा बांधलेलं

पहिलं खुराडं आम्ही फेब्रुवारीत बांधलं. मार्चमध्ये एका पहाटे आईने हाक मारली, "अरे, लवकर ये खाली." आवाजावरूनच कळलं. जाळीचा खालचा कोपरा उपसून वर वळवलेला, ओल्या मातीत पिसं चिकटलेली आणि बारापैकी चार कोंबड्या गेलेल्या. मुलगी दारातच थांबली. त्या चारांतल्या दोघींना तिने नावं ठेवली होती.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. परसात पूर्वी गोठा होता. जनावरं गेली, गोठा उतरवला, पण त्याचे सागवानी खांब आणि पत्रे आबांनी पडवीच्या माळ्यावर जपून ठेवले होते. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा पंधरा-वीस कोंबड्या असायच्या, रात्री डालग्याखाली झाकलेल्या. मधली कित्येक वर्षं काहीच नव्हतं. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. आपल्या परसातलं अंडं दोघांनीही हातात घेतलेलं नव्हतं. हे काम सगळ्यांनी मिळून करायचं ठरलं ते त्यामुळेच.

माप मुलीने काढलं. आत एका कोंबडीला दोन चौरस फूट जागा, बारा कोंबड्यांना चोवीस, म्हणजे सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. तिने खडूने अंगणात चौकट आखली आणि भावाला तिच्या मध्ये उभं केलं. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पत्र्याचा उतार पश्चिमेला दिला आणि ती बाजू फळ्या मारून बंद केली. उंच, जाळीची बाजू पूर्वेला ठेवली, सकाळचं ऊन आत यावं म्हणून. जमीन पावसाळाभर ओल सोडत नाही, तेव्हा सगळा सांगाडा दोन फूट वर, खांबांवर घेतला. बायकोने फळांची तीन लाकडी खोकी घासून पुसून अंडी घालायच्या जागा केल्या. आत पेंढा, तोंडावर गोणपाटाचा पडदा, कारण कोंबडीला अंडं घालायला अंधार आणि आडोसा लागतो. खोकी बसायच्या दांडीपेक्षा खाली लावायची. वर लावली तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी विष्ठेने माखतात.

चूक झाली ती जाळीत. दुकानात षटकोनी भोकांची पातळ तारेची जाळी मिळते, कोंबड्यांची जाळी म्हणूनच विकतात. स्वस्त आणि वळवायला सोपी. मी तीच आणली आणि बारक्या खिळ्यांनी ठोकली. त्या पहाटे आबांनी वळलेला कोपरा दोन बोटांत धरून हलवला.

"ही जाळी कोंबडी आत ठेवती. उदमांजराला भाईर नाय ठेवत."

हे मला आधी कळायला हवं होतं. कोंबडीला कुंपण पुरतं. खुराडं बांधायचं ते रात्री येणाऱ्या जनावराचा विचार करून. उदमांजर आणि रानमांजर रात्री फिरतात, मुंगूस दिवसा. उंदीर दोन बोटांच्या फटीतून सहज शिरतो आणि लहान पिल्लू उचलतो. धामण अंडी गिळते. प्रत्येकाची वाट वेगळी, आणि प्रत्येक वाट वेगळी बंद करावी लागते.

दुसऱ्या वेळेला अर्ध्या इंचाची, जाड तारेची वेल्ड केलेली जाळी आणली. पैसे तिप्पट गेले. ती खिळ्यांवर न सोडता वरून लाकडी पट्टी दाबून स्क्रूने आवळली. मुलगा स्क्रूंची वाटी घेऊन बाजूला बसायचा आणि एकेक मोजून हातात द्यायचा. खुराड्याला लागून फिरायला जे आवार केलं, त्याची जाळी फूटभर जमिनीत पुरली आणि तळाला बाहेरच्या बाजूला वळवली. कुत्रं किंवा मुंगूस कुंपणाच्या बुडालाच उकरतं, तिथे त्याच्या नखाला जाळी लागते. बसायची दांडी पहिल्यांदा जाळीला खेटून होती. कडेला बसलेल्याच कोंबड्या गेल्या होत्या. ती फूटभर आत घेतली. आधी तिथे लोखंडी पाइप होता, त्यावरून पाय घसरायचे. आता मनगटाएवढी, कडा तासलेली लाकडी दांडी आहे. दाराची उचलायची कडी काढून आडवी बोल्टाची कडी बसवली.

त्या रात्री आबांनी चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती हातभर रुंद पसरली. सकाळी मुलांना घेऊन बघायला गेलो. राखेत पाच बोटांचे ठसे होते, दोन फेऱ्या मारलेले, दारापाशी बराच वेळ घुटमळलेले आणि मग चिंचेकडे निघून गेलेले. आत आठही कोंबड्या होत्या. मुलगी खाली बसून त्या ठशांकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

लसीचं सांगायचं राहिलं. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आला की आठवड्यात खुराडं रिकामं होतं आणि त्यावर औषध नाही, फक्त आधीची लस. पिल्लं आम्ही दीड महिन्याची, पहिली लस झालेली घेतली होती, बहुतेक कावेरी जातीची. आठव्या आठवड्याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळाली. बाटली शंभर मात्रांची असते, बर्फात न्यायची आणि मिसळल्यावर दोनेक तासांत संपवायची. आमच्या बारा कोंबड्यांना देऊन उरलेली फेकायची का? आईने आळीत निरोप दिला. संध्याकाळी काखेत, पाटीत, गोणीत कोंबड्या घेऊन दहा-बारा घरची माणसं परसात आली. आता दर वेळी सगळी आळी मिळूनच बाटली आणते. या साऱ्या उद्योगातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

पावसाळ्यात आणखी एक धडा मिळाला. जुलैत झड लागली तेव्हा कोंबड्या भिजतील म्हणून मी चारी बाजूंनी ताडपत्री बांधून टाकली. तिसऱ्या दिवशी साफ करायला आत वाकलो तर डोळे चुरचुरले आणि घशाला ठसका लागला. ओल्या तुसात विष्ठेचा अमोनिया साठला होता. मी क्षणभर वाकलो होतो, कोंबड्या रात्रभर तिथे श्वास घेत होत्या. तेव्हापासून पत्र्याखालची वीतभर फट कितीही पाऊस असला तरी उघडी राहते. ताडपत्री फक्त पावसाच्या बाजूला, तीही खालच्या भागापुरती. खाली भाताचं तूस चार बोटं. रोज दाताळ्याने हलवायचं, ओलं झालेलं लगेच काढून परड्यात टाकायचं.

गेलेल्या चार कोंबड्यांच्या जागी मावशीने चार गावरान तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेताच्या कोंबड्या, दिल्या. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत जातात, मुलगी बॅटरी घेऊन मोजते आणि कडी घालते. ऑक्टोबरात एका संध्याकाळी अकराच भरल्या. आम्ही सगळे शोधायला निघालो. सरपणाच्या रचाईमागे गावरान तांबडी पिसं फुलवून बसली होती, हात नेला की गुरगुरायची. आईने अलगद हात सरकवून बघितलं.

"खुडूक झालीय, उबवायला बसलीय. नऊ अंडी आहेत खाली."

ती जागा उघडी होती, म्हणून अंधार पडल्यावर आईने तिला अंड्यांसकट पाटीत घेऊन खुराड्यातल्या शेवटच्या खोक्यात हलवलं. पिल्लं बाहेर यायला एकवीस दिवस लागतात, म्हणून मुलीने दिनदर्शिकेवर त्या तारखेपासून एकवीस घरं मोजून शेवटच्या घराला गोल केला. आज सतरावा दिवस आहे.