आमची वाटचाल : ठोसे कमी, पडणं जास्त

मार्शल आर्ट्सचा क्लास चालवतो म्हटलं की लोक आधी विचारतात, विटा फोडता का? नाही फोडत. आमच्याकडे येणारी बरीचशी माणसं म्हणजे ॲम्ब्युलन्सवरचा स्टाफ, फायरवाले, कॅज्युअल्टीतल्या सिस्टर आणि ब्रदर, शिवाय कंट्रोल रूमला फोन घेणारे काही जण, आणि यांना विटेशी काही घेणंदेणं नाही, ड्युटी संपवून धडधाकट घरी जाता आलं म्हणजे झालं.

सुरुवात साध्या ज्युडो-कराटेनेच झाली, लहान मुलांच्या बॅचेस, बेल्टच्या परीक्षा, सुट्टीतली शिबिरं. मुलाला सोडायला येणारे एक ॲम्ब्युलन्सवाले कडेला बसून बघत असायचे, ते एकदा म्हणाले, "सर, ठोसे राहू द्या, ज्याच्यावर उपचार करायचेत त्यानेच माझी कॉलर धरली तर काय करू ते सांगा." आमचा आजचा अर्ध्याहून जास्त धंदा या एका प्रश्नावर उभा आहे.

कारण समोरचा पेशंट असतो, प्रतिस्पर्धी नाही. शुगर एकदम खाली गेलेला, आकडी येऊन नुकता शुद्धीवर येणारा, डोक्याला मार लागलेला माणूस हातपाय झाडतो, चावतो, आणि त्याचं त्यालाच कळत नसतं. त्याला मारणार कसं? आणि पालथा पाडून पाठीवर वजन टाकलं तर श्वास कोंडून जिवावर बेतू शकतं, म्हणून पालथं दाबणं आणि गळा आवळणं हे दोन्ही आमच्या सिलॅबसमध्ये नाहीच. आहे ते म्हणजे हातभर अंतर ठेवून जरा तिरकं उभं राहणं, तळवे उघडे आणि छातीसमोर, आपण आणि दार यांच्यामध्ये पेशंट येऊ द्यायचा नाही, स्टेथोस्कोप गळ्यात लटकवायचा नाही, ओळखपत्राची दोरी झटक्यात सुटणारीच हवी. मनगट धरलं तर मागे ओढत बसायचं नाही, समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने फिरवून काढायचं, पकड तिथेच कच्ची असते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की आरोग्य क्षेत्रातल्या ८ ते ३८ टक्के लोकांना नोकरीत कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. पण आमच्याकडे येणाऱ्यांची दुखणी विचारली तर मारहाणीच्या आधी कंबर निघते. जिन्यावरून स्ट्रेचर उतरवणं, ओल्या फरशीवर घसरणं, हेच रोजचं. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये ज्युडो सुरू केला, त्यात उकेमी म्हणजे पडण्याचं तंत्र अगदी आधी शिकवतात, आणि खरं सांगू का, सगळ्या मार्शल आर्ट्समधलं एकच काहीतरी निवडा म्हणालात तर मी हेच निवडेन. माणूस पडताना आपसूक हात टेकवतो आणि मनगटाचं हाड जातं. आम्ही हनुवटी छातीला लावून, श्वास सोडत, पूर्ण हाताने गादीवर थाप मारत पडायला लावतो, आधी बसून, मग उकिडवं, मग उभं राहून. फायरवाल्यांचं वेगळं, पाठीवर हवेचा सिलिंडर असला की मागे गोलांटी मारता येत नाही, म्हणून त्यांचं सगळं कुशीवर पडणं, तेही जड किट घालूनच, नाहीतर प्रॅक्टिस क्लासपुरतीच राहते. उचलण्याचंही तेच, ज्युडोत समोरच्याला उचलताना नितंब खाली, पाठ सरळ आणि वजन अंगाशी लागतं, स्ट्रेचरला दुसरं काय लागतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा ड्रिल म्हणजे दोन मिनिटं जोरात झोंबाझोंबी करायची, दम लागला की लगेच ग्लोव्ह्ज चढवून जोडीदाराचं बीपी घ्यायचं. पहिल्यांदा ग्लोव्ह बोटात अडकतो, कफ उलटा बांधला जातो, हसाहशी होते. ॲड्रेनलिन वाढलं की नजर बोगद्यासारखी होते, बाजूचा आवाज नीट ऐकू येत नाही, बोटं थरथरतात, ते इथे प्रत्यक्ष कळतं. मग चार आकडे मोजत श्वास आत, चार धरायचा, चार सोडायचा, चार थांबायचं, असं काही वेळा केलं की हात ताळ्यावर येतो. कंट्रोल रूमवाल्यांना गादीवर आपटत नाही, त्यांच्याकडून श्वासाचं मात्र भरपूर करून घेतो, कारण पलीकडचा माणूस किंचाळत असताना शांत आवाजात पत्ता विचारायचा असतो.

धंदा म्हणून हे सोपं नाही. ठरावीक वेळेची बॅच या लोकांना जमतच नाही, शिफ्ट बदलते, म्हणून एकच धडा सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे घेतो, ट्रेनरचा खर्च वाढतो पण इलाज नाही. नाईट करून आलेल्याला स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, बंद, फक्त हळू पडणं आणि श्वास, थकलेलं अंगच जास्त दुखावतं. संस्थांना हवं असतं एक दिवसाचं वर्कशॉप, फोटो आणि सर्टिफिकेट, त्याला आम्ही बहुतेक वेळा नाही म्हणतो, एका दिवसात अंगाला काही सवय लागत नाही, उलट खोटा कॉन्फिडन्स येतो, आणि या नकारापायी कामं हातची गेलीत. एका ठिकाणी तर बॅच संपून कितीतरी महिने झाले तरी बिलाची फाईल फिरतच होती. भाडं अजूनही लहान मुलांच्या बॅचमधूनच निघतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि हो, चाकू दिसला तर कुठलीही स्टाईल न करता बाहेर पडायचं, पोलिसांना कळवायचं, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. रात्री एकट्या सिस्टरवर आख्खा वॉर्ड सोडायचा आणि वर तिलाच सेल्फ डिफेन्स शिक म्हणायचं, हे आम्हाला पटत नाही, स्टाफ पुरेसा ठेवणं हे मॅनेजमेंटचंच काम.

सध्या आमच्याच जुन्या विद्यार्थ्यांतून, म्हणजे प्रत्यक्ष ड्युटी करणाऱ्यांतून, ट्रेनर तयार करतोय, त्यात दोन सिस्टर आहेत आणि एक फायरवाला. फायरवाला पडणं शिकवतो आमच्यापेक्षा भारी, फक्त त्याची शिफ्ट लागली की बॅच कोणी घ्यायची हा प्रश्न आहे, त्याचं बघतोय.