उभी ट्रॉली, मागून धडक आणि नुकसानभरपाईचा दावा : माझा अनुभव

कापसाच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांवर हे ठरलेलं आहे. भरलेल्या ट्रॉलीचा टायर बसतो, ड्रायव्हर ट्रॅक्टर सोडवून पंक्चरवाल्याकडे जातो आणि ट्रॉली अर्धी डांबरावर तशीच उभी राहते. मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही. फार तर दोन दगड आणि पळसाची एक फांदी. माझा साळा रात्री दुचाकीवरून अशाच ट्रॉलीवर मागून धडकला. नडगीचं हाड मोडलं, सळई पडली. दाव्याचे कागद मी गोळा केले, त्यातून कळलं ते लिहितो.

पहिला घोळ ठाण्यात होतो. मागून धडकणाऱ्याचीच चूक, या समजुतीनं ठाणेदार दुचाकीवाल्यावरच गुन्हा लिहून मोकळे होतात. पण रस्त्यावर वाहन धोका होईल असं उभं ठेवण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ आहे, आणि रहदारीत अडथळा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २८५. ही दोन्ही कलमं लिहून लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवायचा.

घटनास्थळ पंचनाम्यासाठी मात्र घरचं माणूस तिथं उभं पाहिजेच. डांबराची रुंदी किती, ट्रॉलीचं डांबराकडचं चाक कडेपासून किती फूट आत, ट्रॉलीचा स्वतःचा नंबर (ट्रॅक्टरचा वेगळा असतो, ट्रॉलीवर पुष्कळदा पाटीच नसते), मागचा दिवा होता का, रेडियम होतं का, हे मोजून आणि नावानिशी लिहून घ्यायचं. आमचा पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला, तोवर ट्रॉली हलवलेली होती. त्यात लिहिलं गेलं, 'ट्रॉलीच्या मागे इशाऱ्यासाठी दगड ठेवलेले होते.' दगड वीतभर उंच होते आणि रात्री ते कोणाला दिसणार, हे लिहायला हवं होतं. दिव्याबद्दल अवाक्षर नाही. आरटीओचे निरीक्षक गाडी तपासायला येईस्तोवर मालकानं मागे कोरं करकरीत रेडियम चिकटवलेलं होतं! आमच्याकडे वाचला तो एका पोरानं त्या रात्री मोबाइलवर काढलेला फोटो. तो मूळ मोबाइलसह जपला आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (मोबाइलमधला पुरावा दाखल करताना लागतं ते) जोडून दाखल केला. व्हॉट्सअपवर फिरलेली प्रत विरुद्ध बाजूचे वकील चटकन उडवून लावतात.

दुसरा घोळ दवाखान्यात. पहिल्या दवाखान्यात घाबरलेला नातेवाईक 'गाडीवरून पडला' एवढंच सांगतो आणि डॉक्टर तसंच नोंदवतात. वर्षभरानं विमा कंपनीचे वकील तेच पान उघडून म्हणतात, मग ट्रॉली आली कुठून? म्हणून पहिल्याच नोंदीत 'उभ्या ट्रॉलीला धडकून' हे शब्द यायला हवेत. तिथून यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूरला हलवलं तर डिस्चार्ज कार्डावरही तोच मजकूर पाहून घ्यावा.

दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, अपघात झाला तिथल्या किंवा आपण राहतो तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात टाकता येतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात ६ महिन्यांची मुदत आहे. तिच्यावरून वकिलांमध्ये वाद चालतात. आपण त्यात न पडता दावा आत टाकावा. त्याच तारखेपासूनच्या नियमांनी पोलिसांना ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यावा लागतो. मागितल्याशिवाय हलत नाही, लेखी मागा. बाई, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल तर उत्पन्न न पाहता तालुका विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची अट आहे.

उत्पन्नाचा पुरावा ही कास्तकाराची दुखरी जागा. सातबारा दाखवला की विमा कंपनी म्हणते, वावर जागेवरच आहे, नुकसान कसलं? म्हणून सातबाऱ्याच्या जोडीला बाजार समितीच्या काटापट्ट्या, जिनिंगच्या पावत्या, पासबुक आणि अपघातानंतर ठेवलेल्या सालदाराचा (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचा) हिशेब लावला. साळा स्वतः डवरणी-फवारणी करत होता आणि आता त्याला माणूस लावावा लागतो, एवढं सिद्ध झालं की पुरे.

अपंगत्वाच्या दाखल्यावर लोक फसतात. वैद्यकीय बोर्डाच्या दाखल्यावर ३५ टक्के होतं, ते त्या पायाचं. न्यायालय पाहतं कमाईची ताकद किती गेली ते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक नीट मांडला आहे. डॉक्टरांची साक्ष झालीच पाहिजे, नाहीतर दाखला नुसता कागद राहतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसता येत नाही, चिखलात तोल जातो. त्यावर न्यायालयानं २० टक्के धरले.

हिशेब असा झाला. महिना १०,००० म्हणजे वर्षाचे १,२०,०००. वय ४० च्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून १,६८,०००. त्याचे २० टक्के ३३,६००. वय ३४, म्हणून गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्यानं गुणतात तो वयावरून ठरलेला आकडा) १६. एकूण ५,३७,६००. औषधपाणी, वेदना, येण्याजाण्याचा खर्च वेगळा. अस्सल बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी असेल तेवढाच औषधखर्च मिळाला.

मधे लोकअदालतीत तडजोडीची बोलणी निघाली होती. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. दाखला हातात यायचा होता, म्हणून आम्ही थांबलो.

उलटतपासणीत दोन प्रश्न येतातच: वेग किती, हेडलाइट चालू होता का? खरं सांगावं. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, ब्रेकवर पाय जाईस्तोवरच २० मीटर निघून जातात, हे वकिलांनी मांडून दाखवलं. लायसन्सची मुदत संपलेली होती, त्यावरूनही ओढाताण झाली. पण अपघात त्यामुळे झाला नसेल तर नुसत्या लायसन्सवरून चूक लादता येत नाही.

निकालात ट्रॉलीची चूक ७० टक्के, साळ्याची ३० टक्के. त्या ५,३७,६०० मधूनच १,६१,२८० गेले. फोटोमुळे दिवा नव्हता हे मान्य झालं, पण कपातीचं कारण देताना न्यायाधीशांनी पंचनाम्यातलं वाक्य जसंच्या तसं उचललं: 'इशाऱ्यासाठी दगड ठेवलेले होते.'