शेवटचा गडी पोचेपर्यंत

भिंती, कठडे, जिने असे अडथळे उड्या मारत, चढत, धावत पार करायचे, हा सराव म्हणजे पार्कूर. लंडनमध्ये ते करणाऱ्या दोघांची जुंपवून द्यायची असेल तर एक प्रश्न पुरतो : फ्लिप पार्कूरमध्ये बसते का? एक म्हणेल, अजिबात नाही, कोलांटी मारून कोणी भिंतीपलीकडे लवकर पोचत नाही. दुसरा म्हणेल, शरीर माझं, उडी माझी, तू कोण सांगणारा? मी दोघांबरोबरही सराव करते, आणि हा वाद भलत्याच ठिकाणी अडकून पडलाय असं माझं ठाम मत आहे.

पहिल्याची बाजू जुनी आहे. पॅरिसच्या दक्षिणेला लिस आणि एव्ही ही उपनगरं, तिथून हे सगळं सुरू झालं. पार्कूर ज्याच्यामुळे उभं राहिलं त्या दाविद बेलचे वडील रेमाँ बेल पॅरिसच्या अग्निशमन दलातले. जन्म व्हिएतनामचा, बालपण तिथल्या लष्करी शाळेत गेलेलं. १९६९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या शिखरावर कोणीतरी व्हिएतकाँगचा झेंडा लावला, तेव्हा तो काढायला हेलिकॉप्टरमधून यांनाच खाली सोडलं होतं. अशा बापाच्या मुलाला उडी ही कामाची गोष्ट वाटणारच. कोणाला तरी गाठायचंय, नाहीतर कोणापासून तरी निसटायचंय. त्याच्याही मागे ज्योर्ज एबेर हा फ्रेंच नौदलाचा अधिकारी उभा आहे. कोणाच्या तरी उपयोगी पडता यावं म्हणून बळकट व्हा, असं तो शिकवायचा.

दुसऱ्याची बाजू सेबास्तियाँ फूकाँची. तोही लिसचाच, दाविदचा जुना सोबती. १९९७ मध्ये या पोरांनी यामाकासी नावाचा गट केला, आणि थोड्याच काळात हे दोघं त्यातून बाहेर पडले. २००३ मध्ये फूकाँ ब्रिटिश टीव्हीसाठी लंडनच्या नावाजलेल्या इमारतींवर धावला. फ्रीरनिंग हा शब्द तेव्हा इंग्रजी प्रेक्षकांच्या सोयीसाठी पुढे आला. पुढे फूकाँनं त्यात स्वतःचा अर्थ भरला : प्रत्येकानं आपली वाट आपल्या ढंगानं काढावी. २००६ च्या बाँडपटात त्याला क्रेनवर पळताना जगानं पाहिलं, २००७ मध्ये व्हिएन्नात रेड बुलची फ्रीरनिंग स्पर्धा झाली, आणि फ्लिपवाल्यांची एक पिढीच तयार झाली.

मागे राहिलेल्या यामाकासींबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला तेच सगळ्यात जवळचे वाटतात. ते आपल्या सरावाला आर द्यू देप्लासमाँ, म्हणजे हालचालीची कला, म्हणतात. त्यांचा नियम असा, की सुरुवात एकत्र आणि शेवटही एकत्र.

रविवारी लंडनच्या व्हॉक्सहॉल भागातल्या भिंतींपाशी आमचा गट जमतो तेव्हा हा नियम अगदी डोळ्यांना दिसतो. जिना चार हातापायांवर, उलटं, पाय वर आणि डोकं खाली अशा बेतानं चढायचा. पहिले दोनतीन जण वर पोचून उभे राहत नाहीत. ते पुन्हा खाली येतात आणि जो मागे पडलाय त्याच्या शेजारून परत चढायला लागतात. आमच्यात साठीला टेकलेल्या एक बाई आहेत. त्यांचं मनगट मध्येच दुखतं, त्या पायरीवर थांबतात, बोटं झटकतात. तेवढा वेळ शेजारचा पंचविशीतला मुलगाही कोपर थरथरत तसाच धरून थांबतो. ‘चला, चला’ असं कोणी ओरडत नाही. जिना संपतो तेव्हा सगळ्यांचाच संपतो.

तो पंचविशीतला मुलगा पक्का फ्रीरनर आहे. साईड फ्लिप त्यानं आधी गवतावर घोटली, मग बुटक्या कठड्यावरून, मग कुठे भिंतीवरून. उडीआधी तो कठड्यावर हात फिरवतो, शेवाळ पुसतो, वरची वीट हलते का ते तळव्यानं दाबून बघतो. बुटाचा तळवा बाहीला घासतो. मन झालं नाही तर गुपचूप खाली उतरतो. त्याला पार्कूर कळलेलं नाही असं कोणी माझ्यासमोर म्हणू नये.

उलट याच भिंतींवर मी एका पोराला साधी प्रिसिजन, म्हणजे नेमक्या जागी पाय टेकवून थांबायची उडी, मारताना पाहिलंय, फ्लिपबिप काही नाही, शुद्ध पार्कूर. तीनदा काठावर आला, तीनदा मागे सरला. समोर मित्रांचे फोन चालू. चौथ्यांदा उडाला, कारण आता न उडणं अवघड झालं होतं. घोटा गेला. क्लिप मात्र छान आली असणार. मला राग येतो तो या गोष्टीचा. माणसानं न उडण्याची मोकळीक ज्या सरावात उरत नाही, तो कोणत्याही नावाचा असो, मला नको.

आता स्पर्धांबद्दल. २०१७ मध्ये ब्रिटननं पार्कूरला खेळ म्हणून मान्यता दिली, जगात पहिल्यांदा. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघानं पार्कूर आपल्या छत्राखाली घ्यायला सुरुवात केली. ब्रिटनसह अनेक देशांच्या संघटनांनी विरोध केला, पार्कूर अर्थ ही स्वतंत्र संस्था काढली. महासंघ थांबला नाही. २०२२ मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा झाली, वेगाची वेगळी आणि कसरतींना गुण देणाऱ्या फ्रीस्टाईलची वेगळी.

मला गुणपत्रकाचं वावडं नाही. मी शाळेत दोरीचा मल्लखांब केलाय. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवं रूप दिलं तो मल्लखांब पैलवानाच्या अंगात चपळाई यावी म्हणून होता. २०१९ मध्ये त्याचीच जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर भरली, आणि त्यानं मल्लखांबाचं काही बिघडलं नाही. पण आमचे परीक्षक स्वतः खांबावर मांड्या सोलून घेतलेले होते. पकड कुठे सुटतेय, पोर कुठे घाबरलंय, हे त्यांना खालून कळायचं. पार्कूरवाल्यांचा आक्षेपही नेमका तिथेच आहे, आणि तो मला शंभर टक्के पटतो. लिसच्या पोरांनी उभा केलेला सराव कोणी परस्पर आपल्या नावावर लावून घेऊ नये. स्पर्धा घ्यायच्याच असतील तर नियम भिंतीवर हात घासलेल्यांनी करावेत.

मराठी मंडळींपैकी कोणी लंडनला येणार असाल आणि उत्सुकता असेल तर रविवारी सकाळी या. जुने बूट चालतील, तळवा गुळगुळीत नको. पाऊस असला तरी आम्ही येतो, फक्त उंच उड्या त्या दिवशी बंद असतात.