पाच किलोमीटरच्या आतला पाडा

आरोग्य उपकेंद्राभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढायचं आणि आत आलेली गावं 'सेवेच्या आवाक्यात' मानायची, हा हिशोब नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याच्या सपाटीवर चालून जातो. तोच त्याच जिल्ह्यातल्या डोंगराळ अक्राणी तालुक्याला लावणं मला अन्यायाचं वाटतं. सातपुड्यात सरळ रेषेत कोण चालतं?

म्हणून आम्ही वर्तुळं पुसली आणि अंतराऐवजी वेळ धरला. उपग्रहाच्या उंचीच्या माहितीवरून दर तीस मीटरच्या चौकोनाचा चढ काढला. त्यावर वाल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञाचं १९९३चं सूत्र लावलं. त्यात सपाटीवर माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर चालतो आणि चढ वाढला की वेग झपाट्याने घसरतो. बांबूच्या झोळीत बाळंतीण घेऊन निघालेल्यांचा वेग त्याहून कमी धरला. दोन तासांच्या पलीकडचं सगळं नकाशावर लाल, आतलं हिरवं. कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबला नाही, तर साधारण तेवढ्या वेळात बाई दगावू शकते.

धडगावच्या बैठकीत हा नकाशा भिंतीवर लावला. एक आशाताई बराच वेळ बघत होत्या. मग उठून त्यांनी एका हिरव्या पाड्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, हा हिरवा कसा? पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की इकडून कोणीच उतरत नाही. वरून, डोंगराच्या धारेधारेने फिरून यावं लागतं."

संगणकात तो नाला नुसती निळी रेघ होती, कुठूनही ओलांडता येणारी. मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. बघता बघता बाकीच्याही नकाशाभोवती जमल्या. कुठला उतार निसरडा, कुठे जीप कुठवर येते, नर्मदेकाठच्या कुठल्या पाड्याला बोटीशिवाय गत्यंतर नाही, सगळं त्यांना पाठ होतं. या माहितीला 'पूरक' म्हणायला माझी जीभ वळत नाही. खरा नकाशा तोच होता.

संध्याकाळी नाले बंद धरून गणित पुन्हा चालवलं. तो पाडा लाल झाला, शेजारचे आणखी काही झाले. जूनच्या आधी तिथल्या गरोदर बायांची नावं वेगळी काढली, प्रसूतीच्या तारखेआधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात राहायला बोलावण्यासाठी. यादी वाचून त्याच ताईंनी विचारलं, "आणि हिच्या घरची शेळ्या-पोरं कोण बघणार?"

त्यासाठी आता आम्ही प्रत्येक नावापुढे घरी मागे कोण आहे, तेही लिहून घेतो.