पेन्सिल हील आणि पाखाडी

मंगळवार, रात्र

धाकट्या चुलतबहिणीचं लग्न तोंडावर आलंय आणि रिसेप्शनसाठी तिने चार इंची पेन्सिल हील घेतलीय. संध्याकाळी ती घालून पडवीत फिरत होती. गुडघे वाकलेले, नजर पायाकडे. "ताई, तू मुंबईत रोज घालतेस ना? मला शिकव."

शिकवण्यासारखं आहे थोडंच. टाच आधी टेकवायची, मग चवडा. पावलं आखूड, नजर समोर. टाच जितकी उंच तितका अंगाचा भार चवड्यावर येतो, जळजळ होते ती तिथेच. चवड्याखाली जेलची गादी लावली की काही तास निभतात. पण सँडल सैल असेल तर गादी काय करणार? पाय घसरत पुढे जातो आणि बोटं चेपतात. घोट्याला पट्टा हवाच. पुढचा तळ जाड असेल तर तेवढी उंची वजा करायची: तीन इंची टाच, एक इंची तळ, म्हणजे पायाला चढ दोनच इंचांचा.

ती खूश. मग मी तिला खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उतरवलं.

खळं नुकतंच सारवलेलं. टाच रुतली, भोक पडलं आणि आतून काकूचा आवाज, "अगो, माझं खळं उकरू नको!" पुढे पाखाडी, वरच्या रस्त्याकडे जाणारी पायऱ्यांची वाट. जांभ्याच्या पायऱ्या, एकीची उंची दुसरीला नाही, कठडा नाही, दगडाला जागोजाग भोकं. पेन्सिल टाच त्यात नेमकी अडकते. टाचांचे जोडे पूर्वी इराणी घोडेस्वार घालायचे, रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून. आमच्या वाडीत घोडा सोडा, रिक्षासुद्धा वरच्या रस्त्यालाच थांबते.

आणि चालणं तरी जमेल, पण लग्नघरात चप्पल पायात राहते किती वेळ? देवाला नमस्कार, काढा. पंगत, काढा. ओटीवर जाऊन आजीच्या पाया पडा, काढा. दर वेळी वाकून बकल. त्यात साडी नेसताना सँडल घालूनच निऱ्यांची उंची धरावी लागते, नाहीतर साडी आखूड होते. चार इंचांच्या मापाने निऱ्या घेतल्या आणि सँडल काढली की काठ शेणाच्या जमिनीवर लोळणार. ऑफिसात हा प्रश्नच येत नाही.

माझं म्हणणं, दोन इंचांची रुंद टाच घे. तिचं म्हणणं, नवरा सहा फुटी आहे, फोटोत मी दिसायला नको? हा मुद्दा मला खोडता आला नाही. शेवटी जाड तळाच्या वेजवर, म्हणजे टाच आणि तळ सलग असलेल्या सँडलवर, तडजोड झाली. उद्या बदलायला जायचं ते संध्याकाळीच, दिवसभरात पाय थोडे फुगतात, माप तेव्हा खरं कळतं. मग रोज मोजे घालून घरात थोडा वेळ वापरायची, म्हणजे चामडं सैलावेल. आणि रात्री पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा खाली सोडायच्या, पोटऱ्या आखडू नयेत म्हणून.

पण कोकणातल्या घरात मोजे कुठले! शोधून शोधून काकांचे सापडले, आणि काका ते द्यायला तयार नाहीत.