स्पिंडल सुरू होताच थांबणारे यंत्र : माझा अनुभव

नाशिकच्या सिडको भागात आमच्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये दीड वर्ष खपून मी लाकडावर कोरीव काम करणारे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या सूचनांनुसार चालणारे यंत्र, उभे केले. ॲल्युमिनियम प्रोफाइलची चौकट, अक्ष हलवणाऱ्या तीन स्टेपर मोटारी, ३६ व्होल्टचा एसएमपीएस (डीसी वीजपुरवठा), अर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर जीआरबीएल हे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर आणि व्हीएफडीवर (मोटारीचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणावर) चालणारा १.५ किलोवॅटचा स्पिंडल (कोरणारे हत्यार फिरवणारी मोटार), असा त्याचा पसारा आहे. स्पिंडल बंद असताना यंत्र तासन्‌तास अचूक फिरत असे. स्पिंडल सुरू केला की मात्र दोन-तीन मिनिटांत पडद्यावर हार्ड लिमिटचा, म्हणजे अक्ष टोकाला जाऊन तिथला लिमिट स्विच दाबला गेल्याचा, अलार्म येई आणि सगळे अक्ष जागीच थांबत, जरी एकही लिमिट स्विच दाबला गेलेला नसे. देव्हाऱ्याच्या जाळीसाठी आणलेली सागाची फळी अशीच अर्ध्यावर वाया गेली आणि त्यानंतर मी कोरीव काम थांबवून फक्त वायरिंगचा अभ्यास करायचे ठरवले.

पहिला महिना मी चुकीच्या दिशेने गेलो. जीआरबीएल पुन्हा भरले, बोर्ड बदलला, जिथे जमेल तिथे कपॅसिटर लावले. अर्थिंग कच्चे असेल म्हणून अंगणातला खड्डा नव्याने खणून घेतला, त्यात कोळसा आणि मीठ भरले. सुरक्षिततेसाठी ते काम आवश्यकच होते, पण नॉइजमध्ये, म्हणजे वायरींत शिरणाऱ्या नको असलेल्या विद्युत गोंधळात, तसूभरही फरक पडला नाही. जमीन हा नॉइज शोषून घेणारा स्पंज आहे, ही माझी समजूत मुळातच चुकीची होती.

शेजारचे काका अंबडच्या औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षे पॅनेल वायरिंगचे काम करून निवृत्त झाले आहेत. त्यांनी यंत्र पाहिले आणि म्हणाले, ‘‘अरे, व्हीएफडीतून बाहेर पडलेला करंट व्हीएफडीकडेच परत येणार. त्याला तू नीट वाट करून दिली नाहीस, तर तो तुझ्या सिग्नलच्या वायरींतून वाट काढणार.’’ मग त्यांनी एक साधी तपासणी सुचवली. वीज बंद करून, व्हीएफडीतील कपॅसिटर उतरावेत म्हणून दहा मिनिटे थांबून स्पिंडलची केबल व्हीएफडीच्या टर्मिनलवरून सोडवली आणि नुसता व्हीएफडी चालू केला. अर्धा तास एकही अलार्म आला नाही. म्हणजे दोष वीजपुरवठ्यात किंवा बोर्डात नव्हता, तर व्हीएफडीपासून स्पिंडलपर्यंतच्या साडेतीन मीटर केबलमध्ये होता. ही तपासणी पहिल्याच दिवशी केली असती, तर तो महिना वाचला असता.

कारण समजून घेतल्यावर पुढचे काम सोपे झाले. २३० व्होल्टचा पुरवठा व्हीएफडीत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो आणि हे व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा स्पिंडलच्या तारांवर चालू-बंद केले जाते. समजा, व्होल्टेजची ही चढण ०.२ मायक्रोसेकंदात पूर्ण झाली आणि मोटारीची व सिग्नलची तार शेजारी असल्यामुळे त्यांच्यात अवघ्या १०० पिकोफॅरडची धारिता (कपॅसिटरसारखा गुण) तयार झाली, तरी क्षणभर १६० मिलीअँपिअरच्या आसपास प्रवाह पलीकडे उडी मारतो. दुसऱ्या बाजूला माझे लिमिट स्विच नॉर्मली ओपन, म्हणजे दाबल्यावरच जोडले जाणारे, होते आणि त्यांची रेषा मायक्रोकंट्रोलरच्या २० ते ५० किलोओहमच्या आतील पुल-अपवर (रेषेचे व्होल्टेज वर धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरवर), म्हणजे पाव मिलीअँपिअरच्याही आतल्या आधारावर, टांगलेली होती. शिवाय या सगळ्या वायरी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून मी स्वतःच एका ड्रॅग चेनमध्ये (हलत्या वायरी सांभाळणाऱ्या साखळीसारख्या पन्हळीत) घट्ट बांधल्या होत्या.

स्पिंडलसाठी मी चार कोअरची शिल्डेड, म्हणजे तारांभोवती धातूच्या धाग्यांची जाळी (शिल्ड) असलेली, फ्लेक्झिबल केबल घेतली. मल्टीमीटर लावल्यावर स्पिंडलच्या सॉकेटमधील चौथी पिन आत कुठेही जोडलेली नाही, असे दिसले; म्हणजे इतके दिवस स्पिंडलच्या धातूच्या आवरणाला अर्थच नव्हता. आपला स्पिंडल याबाबत प्रत्येकाने तपासावाच, कारण येथे प्रश्न नॉइजपुरता राहत नाही, तो जिवाचा होतो. मी वरचे झाकण उघडून ती पिन लग लावून आवरणाला जोडली. शिल्ड दोन्ही टोकांना जोडली : एका टोकाला स्पिंडलच्या आवरणाला, दुसऱ्या टोकाला व्हीएफडीखालच्या पत्र्याला. तेथे रंग खरवडून धातूच्या क्लँपने शिल्ड पूर्ण परिघावर दाबली; आधी मी शिल्डची लांब वेणी घालून ती स्क्रूखाली धरली होती, पण इतक्या वेगवान बदलांना तेवढी वेणीसुद्धा अडथळा ठरते. सिग्नलच्या केबलची शिल्ड मात्र फक्त पॅनेलच्या टोकाला जोडली. पॅनेलमधील सर्व अर्थ वायरी तांब्याच्या एकाच पट्टीवर आणल्या. स्पिंडलची केबल वेगळ्या मार्गाने, सिग्नलपासून सुमारे ३० सेंटिमीटर दूर नेली आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोन ठेवला.

लिमिट स्विच नॉर्मली क्लोज, म्हणजे एरवी जोडलेले आणि दाबल्यावर तुटणारे, केले आणि त्यांच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून नेल्या. त्यांना १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा, १.२ किलोओहमचा रेझिस्टर आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर (दोन सर्किट वेगळी ठेवून प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) दिला, त्यामुळे आता त्या रेषेतून सुमारे ९ मिलीअँपिअर प्रवाह सतत वाहतो आणि किरकोळ धक्क्याने ती डगमगत नाही. वायर तुटली तरी यंत्र थांबते, हा यातला मोठा लाभ. बोर्डाच्या पिनवर ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. जीआरबीएलमधील पाच क्रमांकाची सेटिंग १ करावी लागली, कारण स्विचचा अर्थ आता उलटा झाला होता.

मधल्या काळात व्हीएफडीच्या इनपुटला ईएमआय फिल्टर (नॉइज अडवणारा) लावल्यावर आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच) वारंवार पडू लागला, कारण असे फिल्टर थोडा प्रवाह अर्थकडे सोडतात. आरसीसीबी वगळण्याचा सल्ला एकाने दिला. तो मी मानला नाही. कमी गळतीचा फिल्टर मिळाला आणि अडचण संपली.

उरलेल्या सागाच्या फळीवर जाळीचे काम सलग पावणेचार तास चालले आणि एकही अलार्म आला नाही. ड्रॅग चेनमध्ये सतत वाकून शिल्डचे धागे तुटू शकतात, म्हणून दर महिन्याला मी वीज बंद करून, केबल दोन्ही टोकांना सोडवून तिचे सातत्य मल्टीमीटरने तपासतो.