हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळांचा आजार शोधताना

अमावास्येनंतर दोन दिवसांनी पूर्ण ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास होती. मावसबहिणीला घेऊन सहालाच महालक्ष्मीला उतरले, तिथून चालत हाजीअली. जायचं तर उधाणाचेच दिवस धरा. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी कमी ओसरतं आणि खडक पुरते उघडेच पडत नाहीत.

मुंबईत प्रवाळांची रीफ, म्हणजे सलग पसरलेली रांग नाही, खडकांना चिकटलेल्या सुट्या कॉलन्या, म्हणजे एकत्र वाढलेल्या प्रवाळजीवांचे पुंजके आहेत. कोस्टल रोडच्या कामात, 2020 मध्ये, वरळी आणि हाजीअलीच्या काही कॉलन्या उचलून दुसरीकडे नेल्या होत्या. उरलेल्या सहज दिसत नाहीत. आधी डोळ्यांत भरतात ते झोअँथिड, प्रवाळांचे नातेवाईक: मऊ, हिरवट-तपकिरी गालिचा. त्यांना दगडी सांगाडा नसतो. त्यांचेच फोटो काढण्यात आमचा अर्धा तास गेला.

मग एका खळग्यात तळहाताएवढी कॉलनी सापडली, कडेला फिकट डाग. बहीण ओरडलीच, "ताई, आजार!" दोघी वाकलो. तेवढ्यात लाट आत शिरली आणि डाग धुऊन गेला. गाळ बसला होता.

पलीकडच्या कॉलनीवर मात्र नखाएवढा लख्ख पांढरा ठिपका होता, लाटेने न हलणारा. इथे मोबाइल झूम करून नीट बघा. ब्लीचिंगमध्ये, म्हणजे प्रवाळ पांढरं पडतं तेव्हा, रंग जातो, पण पारदर्शक पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवलेसे जीव, सांगाड्यातल्या आपापल्या वाट्यांत असतात. इथे वाट्या रिकाम्या होत्या, म्हणजे मांसल थर गेलेला. जुनी जखम शेवाळाने झाकली जाते, त्यामुळे ही ताजीच. तरी लगेच आजार म्हणू नका. गोगलगायींनी कुरतडलं तरी असंच दिसतं. फ्लोरिडात 2014 पासून पसरलेल्या रोगाने वीसहून जास्त जातींच्या प्रवाळांचा असाच थर सोलवटून काढलाय. जखमेची कड पुढे सरकतेय का, हे एका फेरीत कळत नाही. त्याच कोनातून पुन्हा फोटो हवा, मोजपट्टीसकट. मी पट्टी घरी विसरले आणि पाचचं नाणं ठेवलं. पाचची नाणी सगळी एका मापाची नसतात, हे लोकलमध्ये आठवलं!

चपला नकोत, जुने रबरी तळव्याचे बूट घाला. कालवं पाय कापतात. प्रवाळाला हात लावू नका, मेलेला तुकडाही उचलू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कॉलनीच्या खुणेसाठी मागचा मोठा खडक फोटोत घ्या, नाहीतर परत सापडत नाही. पाणी फिरलं की लगेच निघा, दर्ग्याची वाट भरतीला बुडते.

पुढच्या अमावास्येनंतर परत जायचंय. पट्टी बहिणीच्या पिशवीत आत्ताच टाकून ठेवलीय.